खिडकीतली गरम पुडी

धानाला गुलाबाचा वास येत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण बाहेरून येणाऱ्या ट्रकवाल्यांची अशी समजूत असते की सरकारी बाईला ते कळत नसावं. कोहमाऱ्याच्या चौकात आम्ही एक ट्रक ढाब्याच्या आडोशाला घेतला होता. मिल का धान है मॅडम, टाइम पे पहुँचाना है, असं चालक पुन्हापुन्हा सांगत होता आणि मी पोत्यांच्या फटीला नाक लावून उभी होते. आतून गुलाब, पुदिना आणि वेलदोडा असा लग्नघरचा वास येत होता. वरची पोती उतरवली तेव्हा खाली खोकी निघाली आणि खोक्यांत चकचकीत पाकिटं. सुगंधी तंबाखू. आमच्या राज्यात तो विकायला बंदी, साठवायला बंदी, इकडून तिकडे न्यायलाही बंदी, आणि तरीही तो पाण्यासारखा वाट काढत येतो.

मी अन्नसुरक्षा अधिकारी आहे. तंबाखू हे अन्न कधीपासून झालं, असं मला पाहुणे विचारतात. आमच्याकडचे लोक ज्या निष्ठेनं तो खातात ते पाहिलं की हा प्रश्न पडू नये. इकडे तो नुसता खात नाहीत, त्याचा खर्रा करतात. सुपारीचे तुकडे, हा सुगंधी तंबाखू, चुना आणि पाण्याचे दोन थेंब प्लास्टिकच्या पन्नीत घालायचे, आणि लाकडी पाटीवर ठोकलेल्या जाड पट्ट्यावर ती पन्नी पुढं-मागं रगडायची. याला घोटणं म्हणतात. घोटताना खर्र खर्र असा आवाज येतो. नीट घोटलेली पुडी हातात घेतली तर कोमट लागते, आणि थोड्या वेळानं निवते. पुडी गरम असेल तर घोटणारे हात जवळच आहेत असं समजावं. हे मला नोकरीनं शिकवलं.

जप्त केलेला माल आमच्या कार्यालयामागच्या एका खोलीत ठेवतात. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत तो नष्ट करता येत नाही, म्हणून ती खोली कायम भरलेली. खिडकी नाही, पंखा नाही, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं की वाटतं, इथं पुष्कळ माणसं अत्तर लावून अंधारात गुपचूप बसली आहेत. माझा स्वभाव भित्रा नाही. नाकावर राग घेऊन फिरणारी बाई अशीच माझी खात्यात ख्याती आहे. पण त्या खोलीत मी कधी मालाकडं पाठ करून उभी राहिले नाही. गोंदियाजवळ कुडव्याला घरी गेल्यावर अंघोळ केली तरी तो वास जात नसे. नवरा चेष्टेनं म्हणायचा, फुलाच्या दुकानात नोकरी लागली का. वरणाच्या वाफेतही मला गुलाब यायचा आणि मग मला जेवण जात नसे.

माझं माहेर तिरोड्याच्या अलीकडं. मागच्या दारात उभं राहिलं की धानाच्या बांध्यांपलीकडं वीजप्रकल्पाची धुराडी दिसतात. घरी माय, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. भावाला मी दादा म्हणते. वहिनी अंगणवाडीत काम करते, सकाळी जाते ती ऊन कलल्यावर येते. दादा शेती पाहतो. तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत बैलांना तो अशी आरोळी द्यायचा की दुसऱ्यांचीही बैलं पळायची, असं गावात म्हणत. हसायचा तेव्हा त्याची पडजीभ दिसायची.

त्या गावातला आवाज कधी कमी झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी दूर होते आणि सणासुदीला यायची. एकदा पोळ्याला आले तेव्हा पाराखाली बसलेल्या पुरुषांकडं मी नुसतीच पाहत राहिले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. सगळे बोलत होते, पण जबडे हलत नव्हते. शब्द दातांच्या फटीतून बाहेर पडत होते. कोणी कोणाला लांबून हाक मारत नव्हतं. हाताच्या खुणेनं बोलावत होते. मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वेळात एकानंही जांभई दिली नव्हती. दुपारची वेळ, पोटात पुरणपोळी, आणि वीसेक माणसांत एक जांभई नाही. त्यांना झोप येत नव्हती असं नाही. त्यांची तोंडं उघडत नव्हती.

दादाही त्यांच्यातच बसला होता.

मी त्याला ओढत, मायला सोबत घेऊन, गोंदियाला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी त्याला आ करायला सांगितलं आणि स्वतःची बोटं उभी धरून त्याच्या दातांमध्ये घालून पाहिली. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. दादाच्या तोंडात दोन कशीबशी गेली. गालाच्या आतली कातडी सुकलेल्या चामड्यासारखी ताठ झाली होती आणि एका जागी पांढरा चट्टा होता. डॉक्टरांना तो चट्टा आवडला नाही. ते म्हणाले, खर्रा पूर्ण सुटला आणि काही महिने सुटलेलाच राहिला, तरच ऑपरेशन करीन. चोरून एक चिमूट खाल्ली तरी उपयोग नाही. आणि नाही सुटला तर एक दिवस या तोंडात चमचा जायचा नाही, आणि तो चट्टा काय करील ते मी आत्ता बोलत नाही. दादानं तिथल्या तिथं मायची शपथ घेतली.

तलफ लागलेल्या माणसानं घेतलेली शपथ काय लायकीची असते हे मला धंद्यानं ठाऊक होतं. म्हणून मी माझ्या बाजूनं ठरवलं, याच्यापर्यंत पुडीच पोचू द्यायची नाही. शपथ मोडायला पुडी तर हवी? कोहमाऱ्यापासून तिरोड्यापर्यंत मी जितका माल पकडला त्यातला अर्धा जिल्ह्यासाठी पकडला आणि अर्धा दादासाठी. खात्यात लोक म्हणायचे, बाई झपाटल्यासारखी करते. म्हणोत.

मग मी माझ्याच गावात धाड टाकली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पोलिसांची गाडी पाराशी थांबली तेव्हा झाडाच्या शेंड्यावरच्या चिमण्यांचा तेवढा आवाज होता. तीन पत्र्याच्या पानठेल्यांवर माल सापडला. तिसरा ठेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता, एका म्हाताऱ्याचा. लहानपणी मी त्याच्याकडून संत्रागोळी घ्यायची. त्याचा स्वतःचा गाल आतून कुरतडला गेला होता आणि तो पंच्याचं एक टोक तोंडाशी धरून बोलायचा. त्यानं मला एकही शिवी दिली नाही. पाटी, पट्टा, तंबाखूचा डबा, सगळं स्वतःच्या हातानं पुढं ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली दिली. मग आपल्या हातांकडं पाहत म्हणाला, “आता या हातायले मी काय काम देऊ, बाई?”

मी कुलपावर कागद चिकटवून सही-शिक्का केला. पुढच्या थंडीत तो म्हातारा गेला. ठेला तसाच बंद राहिला.

गावात आता खर्रा मिळत नव्हता. मी वेष बदलून माणसं पाठवून खात्री करून घेतली होती. तिरोड्यातही टंचाई होती. दादा शपथेवर सांगे की सोडला, आणि मला ते खरं वाटे, कारण आणणार कुठून? पण प्रत्येक खेपेला डॉक्टर बोटं घालून पाहायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. दोनाची दीड झाली, दीडाची जेमतेम एक. डॉक्टर माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की जणू मीच त्याला पुरवते आहे. दादा आता भात कुस्करून, वरण घालून, पातळ करून ओढून घ्यायचा. हसणं तर गेलंच होतं. माझी झोप उडाली. गुन्हा घडतो आहे, गुन्हेगाराचं घर मला माहीत आहे, रस्ते सगळे बंद केलेत आणि माल पोचतोच आहे.

अशात वहिनीचा फोन आला. ती फार बोलणारी नाही आणि भ्यायलेली तर मी तिला कधी ऐकली नव्हती. ती म्हणाली, ताई, दुपारी कधी लवकर घरी आले तं तुमच्या भावाच्या खिडकीत पुडी दिसते. मी म्हटलं, मग त्यात काय, कोणीतरी देत असणार. ती म्हणाली की ती पुडी गरम असते. दाराला आतून कडी असते, माय घरात असतात, कोणी आलं-गेलं नाही म्हणून सांगतात. आणि गल्लीत दुपारी घोटल्याचा आवाज येतो.

“कोठून येते आवाज?” मी विचारलं.

“त्या म्हाताऱ्याच्या ठेल्यातून,” ती म्हणाली. “लोकं म्हणून राह्यले, त्याच्या हातायले काम नाही भेटलं, म्हणून तो अजून घोटून राह्यला.”

मी तिला झापलं. शिकलेली बाई तू, पोरांना अ आ ई शिकवतेस, आणि असलं काय बोलतेस. फोन ठेवल्यावर मात्र ते हातांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. ते वाक्य म्हातारा माझ्याशी बोलला होता, हळू आवाजात, आणि तेव्हा जवळ दुसरं कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी, कोणाला न कळवता, मी गावी गेले. तेंदूपत्ता तोडायचे दिवस, ऐन उन्हाळा. पुरुष आणि पोरं पहाटे जंगलात जाऊन आलेली आणि आता मिळेल त्या सावलीत आडवी झालेली. स्कूटी मी गावाबाहेर बोराच्या झाडाखाली लावली आणि चालत निघाले. ऊन इतकं की रस्ता पांढरा दिसत होता. कुत्रंही भुंकलं नाही. पार रिकामा होता, आणि गल्लीतली सगळी दारं अर्धी लोटलेली.

गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि मला ऐकू आलं. खर्र. खर्र. खर्र. न थांबता, एका लयीत, ठेल्याच्या बाजूनं.

मी ठेल्यापाशी गेले. कुलूप गंजलेलं होतं. माझा कागद उन्हानं पिवळा पडून त्याला चिकटलेला, माझी सही अजून ओळखू येत होती. सील शाबूत. पत्र्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. मी त्या तापलेल्या पत्र्याला कान लावला, आणि आवाज आतूनच येत होता. इतका जवळून की पत्रा कानाशी थरथरत होता. मी मनात म्हणाले, बाबा, मी माझं काम केलं, माझ्यामागं लागू नको. हे मी खरंच म्हणाले. मग स्वतःचाच राग आला आणि वळसा घालून मागं गेले. ठेल्याची मागची बाजू शेजारच्या काकीच्या घराच्या कुडाच्या भिंतीला टेकलेली होती. आवाज काकीच्या घरातला होता. तो कुडातून पत्र्यात उतरत होता आणि रिकाम्या ठेल्यात घुमत होता. म्हाताऱ्याचं ते वाक्यही या कुडातूनच ऐकलं गेलं असणार.

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, कारण मी काकीच्या दारासमोर आले आणि आवाज थांबला. आणि तो थांबल्यावर मला पुढच्या घरातला ऐकू आला. मी पुढं गेले, तोही थांबला, आणि मागं काकीच्या घरातला पुन्हा सुरू झाला. उजवीकडं एक, डावीकडं एक. पावसाळ्यात बांधावरून चालताना बेडकांचं होतं ना, आपण जवळ गेलो की गप्प, पुढं गेलो की मागं सुरू, अगदी तसं. एकही माणूस दिसत नव्हता. अर्ध्या लोटलेल्या दारांआड काळोख होता आणि त्या काळोखातून सगळी गल्ली माझी पावलं ऐकत होती. मी या गल्लीत वाढले. इथल्या प्रत्येक घरात मी जेवले आहे. आणि त्या दुपारी मला पळून जावंसं वाटत होतं.

आमच्या घराशी आले. इथला आवाज थांबला नाही.

दार ढकललं तर कडी नव्हती. दादा पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपला होता. मागच्या खोलीत धान साठवायची बांबूची ढोली आहे, शेणानं लिंपलेली, माणसाच्या उंचीची. तिच्यामागं माय बसली होती. पाय लांब केलेले, मांडीवर पाटी, हातात पन्नी. बाजूला सुपात तयार पुड्या मांडलेल्या, एकसारख्या, नीट ओळीनं. तशाच तिच्या विड्या असायच्या. माझ्या लहानपणी आमची सगळी गल्ली विड्या वळायची. ठेकेदार पानं आणि तंबाखू घरपोच द्यायचा आणि संध्याकाळी विड्या मोजून न्यायचा. मायच्या विड्यांत कधी खोट निघाली नाही याचा तिला अभिमान होता.

“आली का बाई,” ती म्हणाली. “माठातलं पाणी घे.” तिच्या हातांची लय तुटली नाही.

मी तिच्यासमोर खाली बसले. तीच सांगत गेली, हळूहळू, काही लपवायचं आहे असं तिला वाटतच नव्हतं. ठेले बंद झाल्यावर त्या विडीच्या ठेकेदाराचा मुलगा आला. बापासारखाच दारोदार फिरला, सुपारी आणि तंबाखू ठेवून गेला आणि संध्याकाळी पुड्या घेऊन गेला. बायांना काम ठाऊक, हात बसलेले, विड्या बंद पडल्यापासून दुपारी रिकाम्या. कोणी विचारही केला नाही. वहिनीनं कोणी आलं का ते विचारलं होतं, कोण घोटतं ते नाही. मी म्हटलं, माय, हे बेकायदा आहे, मी याच्याच मागं जिल्हाभर फिरते. तिनं माझ्याकडं खरंच नवलानं पाहिलं. इतकी वर्षं तंबाखू विडीत भरला तेव्हा कोणी चोर म्हटलं नाही, मग तोच तंबाखू पन्नीत घातला तर काऊन चोरी, असं तिचं म्हणणं. ठेकेदाराच्या माणसांना पकडायला येतात ती धाड, आणि घरात बसून बाई हातानं काम करते ती मजुरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी कोहमाऱ्यापर्यंत घातला होता.

“आणि दादाला?” मी विचारलं. “डॉक्टरनं काय सांगितलं ते तुझ्यासमोर सांगितलं होतं.”

“त्याचा वेगळा करते, खिडकीत ठेवते,” ती म्हणाली. सुपारी ती घरी भिजवायची, तव्यावर भाजायची. तंबाखू निम्मा. वर लवंग. दुकानातला खर्रा वाईट हे तिला मान्यच होतं, त्यात काय-काय घालतात कोणाला ठाऊक. “हा दुकानचा नाही होय, बाई. घरचा होये. माह्या हातचा.”

आमच्याकडं सगळ्या बायांचा हा विश्वास आहे, माझाही असावा. बाजारचं बाधतं, घरचं बाधत नाही. तिखट, तेल, लोणचं, औषधाचा काढा, सगळं. आपल्या हातानं केलं आणि मायेनं केलं की त्यातलं वाईट निघून जातं. तिनं शपथ मोडायला लावली नव्हती, तिच्या हिशेबी ती मोडलीच नव्हती. दादानंही स्वतःला हेच समजावलं असणार.

“त्याच्या तोंडात दुसरं काही जाऊन नाही राह्यलं,” ती म्हणाली. “भात अडकते. हे जाते. मग मी काय देऊ त्याले?”

तिनं पन्नी उघडली, करंगळीच्या टोकानं कणभर खर्रा उचलला आणि जिभेवर ठेवला. मी विचारलं, हे काय करतेस. तर म्हणाली, चुना पाहून राह्यली. चुना जास्त झाला तर त्याचं तोंड भाजेल. मग थुंकून टाकते. आजारी पोराचं दूध गरम तर नाही ना ते आई पाहते, त्याच सहजतेनं ती बोलत होती. त्याच्या सगळ्या पुड्या पाहतेस का, मी विचारलं. ती म्हणाली, त्याच्या पाहतेच, ठेकेदाराच्याही पाहते, गल्लीतल्या सगळ्याच बाया पाहतात.

“लोकायचीही लेकरंच खातेत ना, बाई.”

दिवसभर. रोज. दोन वर्षं झाली असतील. आणि तेव्हा मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. इतका वेळ मी तिचे हात पाहत होते. तिचे ओठ हलत होते, दात हलत नव्हते. शब्द फटीतून येत होते. तिनं तो कण आत ठेवला तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं, करंगळी तेवढी आत सरकवली होती. ती कमी बोलते, पदर ओठांशी धरते, नातेवाइकांत जेवायला बसत नाही, हे सगळं मी वयाच्या आणि दादाच्या काळजीच्या नावावर घातलं होतं.

दादा दारात उभा होता. कधी उठून आला ते आम्हाला कळलं नाही. त्याच्या गालात गोळा होता. त्यानं किती ऐकलं मला माहीत नाही, पण तो मायकडं पाहत होता, आणि मी जे पाहिलं तेच तो पाहत होता. तो येऊन तिच्यापुढं उकिडवा बसला.

“माय, आ कर,” तो म्हणाला.

तिनं पदर तोंडावर घेतला. त्यानं तो हलकेच बाजूला केला. मग डॉक्टरनं त्याचं जे इतक्यांदा केलं होतं तेच त्यानं केलं. दोन बोटं उभी धरली आणि तिच्या दातांशी नेली. दोन गेली नाहीत. एक नेलं, ते नखापर्यंत गेलं आणि अडकलं. मायचे डोळे त्याच्यावर होते, अगदी शांत, जसं काही तो तिची नथ नीट करतो आहे. त्यानं बोट काढलं. तो खाली बसला, गालातला गोळा तळहातावर थुंकला आणि हात तसाच उघडा धरून राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही. मला आधी वाटलं त्याला फीट आली. मग कळलं की तो रडतो आहे. मोठ्यानं रडायलाही तोंड उघडावं लागतं, आणि त्याचं उघडत नव्हतं. रडणं नाकातून येत होतं, बारीक, शिट्टीसारखं. माय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिला वाटत होतं की आपल्याला कोणी काही समजावून सांगेल तर बरं.

बाहेर गल्लीत खर्र खर्र चालूच होतं.

मी उठून गल्लीच्या तोंडाशी, काकीच्या दारात गेले. थाप दिली. आवाज थांबला. काकी दारात आली आणि मला पाहून तिचं तोंड पांढरं पडलं. धाड आहे का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही काकी, तोंड दाखव. तिनं मला आत ओढलं, दार लोटलं आणि पदर काढला. तिथून पुढच्या घरी गेले. ज्या घरात गेले तिथं आधी आवाज थांबायचा, मग दार उघडायचं, मग एक बाई काळोखात माझ्यासमोर तोंड उघडायचा प्रयत्न करायची. कोणाचं थोडं उघडलं, कोणाचं नाही. एकीनंही हे घरच्या माणसाला सांगितलेलं नव्हतं. पुरुषांच्या तोंडाची काळजी करता करता आपलंही तसंच होतं आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना वाटत होतं की काळजीनंच होतं आहे.

पुढं जे करायचं ते मी केलं. संध्याकाळी ठेकेदाराचा मुलगा पुड्या न्यायला आला तेव्हा पोलीस आमच्याच ओसरीवर बसले होते. त्याच्यावर गुन्हा नोंदवला. तो जामिनावर सुटला आणि आता नाल्यापलीकडच्या गावात त्याची ये-जा असते, असं ऐकते. तिकडं मी आता गाडी घेऊन जात नाही, भर दुपारी चालत जाते आणि दारांशी कान देऊन उभी राहते. डॉक्टरांना मी गावात आणलं. त्यांनी एकेक तोंड पाहिलं आणि जाताना गाडीत ते प्रत्येकीच्या नावापुढं किती बोटं ते लिहीत होते.

दादानं त्या दिवसापासून पुडीला हात लावलेला नाही. थंडीत त्याचं ऑपरेशन झालं. चट्टा काढला, तो वेळेत निघाला म्हणाले. आता त्याच्या तोंडात दोन बोटं सहज जातात आणि तो भाकरी मोडून खातो. मायचं ऑपरेशन या वयात नको, व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांचा गठ्ठा करून तो दातांमध्ये धरायचा आणि बसून राहायचं. तोंड थोडं सैल झालं की गठ्ठ्यात एक काडी वाढवायची.

गल्लीत आता दुपारी आवाज नसतो. मी गेले की सगळी दारं उघडी दिसतात आणि प्रत्येक ओसरीवर एकेक बाई दातांत काड्या धरून समोर पाहत बसलेली असते. कोणाला बोलता येत नाही. मला पाहून त्या डोळ्यांनी हसतात, आणि मी त्या सगळ्या नजरांमधून चालत घरापर्यंत जाते. माय पहिल्या पायरीवर बसलेली असते. संध्याकाळी दादा शेतातून येतो, हातपाय धुतो, तिच्यासमोर बसतो आणि तिच्या गठ्ठ्यात एक काडी जास्त सरकवून पाहतो. ती काडी अजून एकदाही आत गेलेली नाही.